खालचा दम

पूर्णा गावात ज्याच्याकडे गाडी होती त्याला मिस्त्रींपुढे गप्प बसता यावं लागे. मालक गॅरेजच्या दारात उतरून "ते काय झालं मिस्त्री, काल नांदेडहून येताना…" असं सुरू झाला की मिस्त्री तेलकट बोट स्वतःच्या ओठांवर ठेवत.

"तुमी गप बसा. तिला बोलू द्या."

'ती' म्हणजे गाडी. जीप असो, ट्रॅक्टर असो की शेतातला पाण्याचा पंप, मिस्त्रींच्या लेखी सगळ्या 'ती'. मग शेजारच्या चहावाल्याला रेडिओ बंद करण्याचा हुकूम सुटे. मालकाने फोन खिशात घालायचा, चप्पल वाजवायची नाही. मिस्त्री हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेत, त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवत, लाकडी मूठ कानाच्या भोकाशी धरत आणि डोळे मिटत. एकदा पालमच्या एका व्यापाऱ्याला नेमकी तेव्हाच शिंक आली. मिस्त्रींनी डोळे उघडून त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपणहून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, आणि तपासणी पहिल्यापासून सुरू झाली.

पाच मिनिटांनी निकाल. "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. महिनाभर काडंल. पण लांब जाऊ नका." आणि महिन्याने ते बेअरिंग जाईच.

मी पूर्णेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. आता वय सत्तर आहे. मिस्त्री माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असावेत. आमची मैत्री माझ्या स्कूटरमुळे झाली. मी गल्लीच्या तोंडाशी असतानाच ते आवाजावरून ओळखत आणि आत वहिनींना चहा टाकायला सांगत. काही दिवशी मी उतरायच्या आत म्हणत, "आज घरी काईतरी झालं वाटतं गुरुजी. मूठ पिळत आलाव." आणि खरोखरच झालेलं असे.

तरुणपणी ते रेल्वेत खलाशी, म्हणजे इंजिनांच्या शेडमधले मदतनीस होते. ती नोकरी त्यांनी का सोडली याच्या दोन हकिकती होत्या. त्यांची हकिकत अशी की वरच्या साहेबाने कामाच्या वेळी कानात बोळे घालायला सांगितलं. "म्हंजी सोनाराला डोळे बांदून सोनं पारखा म्हनल्यावानी!" वहिनींची हकिकत अशी की साहेबाच्या जीपचा आवाज ऐकून यांनी सर्वांसमोर विचारलं, "साहेब, ही चालवता का हिला मारता?" मला दोन्ही खऱ्या वाटतात.

रेल्वेतून त्यांनी एकच गोष्ट आणली होती, ती म्हणजे 'खालचा दम'. आम्ही साधी माणसं ज्याला पिकअप म्हणतो त्याच्या आतली ही बाब. इंजिन हळू फिरत असताना, गाडी जागची हलवताना, चढावर, चिखलात, भरल्या वजनाने ती जी ताकद देते, तो खालचा दम. मालगाडीचं इंजिन पन्नास डबे घेऊन उभ्या जागेवरून कसं निघतं हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. "इंजिनाचं काम पळणं न्हाई, गुरुजी. इंजिनाचं काम हलिवणं हाय. पळायला तर उतारावर दगडबी पळतो."

या खालच्या दमावर ते कुठेही, कोणाशीही बोलत. न्हाव्याच्या खुर्चीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर मयतीच्या ठिकाणी तिरडी उचलताना, "खालून उचला, खालून, दम तिथंच असतो," म्हणाले. गावातली पोरं त्यांना मागून 'खालचा दम' म्हणूनच ओळखत.

आता माझ्या मुलीच्या लग्नाबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीचं मूळ तिथे आहे.

लग्न दुपारचं, ऐन मे महिन्यातलं. वीज भरवशाची नव्हती म्हणून मंडपामागे जनरेटर होता. पंखे, माइक, सगळं त्यावर. अंतरपाट धरलेला, हातात अक्षता, दुसरी मंगलाष्टका चालू. मिस्त्री माझ्या शेजारी उभे होते. एकाएकी त्यांनी मान वाकडी केली, अक्षता माझ्या हातात ओतल्या आणि गर्दीतून वाट काढत मागे गेले. पुढच्या क्षणाला माइक मेला, पंखे थांबले. चारशे माणसं घामाने निथळत कागदांनी वारा घेऊ लागली. भटजी बिनमाइकचे ओरडून घसा फोडत राहिले. कोणीतरी चुकीच्या ठिकाणी अक्षता टाकल्या, ते पाहून सगळ्यांनीच टाकल्या, आणि बँडवाला वाजवू लागला. अंतरपाट अजून मध्येच. पलीकडे जावई, समोरचं काही दिसत नसताना, नुसता अक्षतांचा मार खात उभा.

दहा मिनिटांनी मिस्त्री हात पुसत परत आले. हातात जनरेटरचा पट्टा होता, दोन दोऱ्यांवर लोंबकळणारा. "सप्तपदीत तुटला असता," ते अभिमानाने म्हणाले. "मी बदलून आलो."

मी आभार मानले. जावयाने मानले नाहीत. त्याच्या लग्नाच्या व्हिडिओत वरमाला घालतानाचा आवाजच नाही, फक्त कोणीतरी "पाना दे, पाना" म्हणतंय.

दोन वर्षांनी जावयाने गावात गाड्यांच्या सजावटीच्या सामानाचं दुकान टाकलं. सीट कव्हर, रंगीत दिवे, मोठे भोंगे, आणि दर्शनी काचेत मांडलेलं नवं एअर फिल्टर. लाल, कणसासारखं निमुळतं, चकचकीत नळीवर बसवलेलं. कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा काढून टाकायचा आणि हे बसवायचं. दुकानावर पाटी होती, 'तुमच्या गाडीची हवा करा!' पहिलं फिल्टर माझ्याच गाडीला बसलं. सासऱ्याची गाडी, गावभर फिरणार, फुकट जाहिरात. मी तेव्हा एक जुनी लहान पेट्रोल गाडी घेतली होती. फिल्टर बसल्यावर तिचा आवाज असा झाला की शाळेच्या फाटकातून शिरलो तर मुलं खिडक्यांना येत. मला तो आवाज आवडला, हेही इथे कबूल करून टाकतो.

चहाच्या टपरीवर मिस्त्रींनी बोनेट उघडायला लावलं. जावई तिथेच होता.

"जावईबापू, सासऱ्याच्या गाडीत ही कुत्र्याची छत्री कुठून उगवली?"

"परफॉर्मन्स फिल्टर आहे, मिस्त्री. कंपनीचा डबा इंजिनाचा गळा दाबतो. यानं मोकळा श्वास मिळतो."

"कुठला श्वास? बोनेटातला! डब्याची सोंड भाईरून गार हवा घेत होती. ही छत्री इंजिनाच्या उरावर बसून त्याचीच गरम हवा वढायली. तुमाला मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कोंडतो, घ्या मोकळा श्वास."

टपरीवरचे हसले. जावई लाल झाला. "पण पाइप मोठा आहे. जास्त हवा जाते."

"फुंकणी बघितलाव का कधी? चुलीला फुंकणीनं फुकलं तर जाळ उठतो. तेच तोंड वासून फुकलं तर राख डोळ्यात. इंजिन हळू फिरायलंय तवा त्याला जास्त हवा नको, जोरातली हवा पायजे. त्या लांब बारीक सोंडंत तो जोर येतो. तुमी सोंडच छाटली. वर, नव्वद-शंभरला, थोडं भेटंल, खोटं कामून बोलू? पण पूर्णा ते झरी नव्वदनं जाऊन दाखवा. गाडी ऱ्हाईल का तुमी ऱ्हाव?"

"लोकांना आवडतं, मिस्त्री. गाडीची हवा होते."

"हवाच करायची तर पंखा घ्या की."

हे वाक्य दोन दिवसांत गावभर झालं. दुकानासमोरून जाताना पोरं ओरडत, "पंखा हाय का, पंखा?" फिल्टर घ्यायला आलेला माणूस आधी मिस्त्रींना विचारून येतो म्हणे आणि परत येत नसे. मुलगी माहेरी आली ती डोळे सुजवूनच. "बाबा, तुम्ही विज्ञानाचे शिक्षक. लोक तुमचं ऐकतात. तुम्ही एकदा बोललात तर चालणार नाही का?"

मी बोललो नाही. मला खरं काय ते ठाऊक होतं. घराच्या फाटकातल्या छोट्या उतारावरून गाडी मागे घेताना ती आताशा बंद पडत होती, हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

शेवटी मिस्त्रींनीच तोडगा काढला. नदीकडून गावात येणारा एक लांब चढ आहे. त्यांनी टपरीवर जाहीर केलं, "रविवारी सकाळी. एकच गाडी, तीच माणसं, तोच चढ. आदी कंपनीच्या डब्यावर, मग छत्रीवर. तिसऱ्या गिअरात, वीसच्या स्पीडनं, वरच्या लिंबापर्यंत. क्लचला पाय लावायचा न्हाई, न्हाईतर इंजिन चाकापासून सुटून वरच्या फेऱ्यावर पळतं. छत्रीवर गाडी लिंबापर्यंत आली तर ह्या विषयावर मी पुन्ना तोंड उघडणार न्हाई."

"चालवणार कोण?" जावयाने विचारलं.

"गुरुजी. दोघांचेबी हाईत. आन इज्ञानाचे हाईत, गुरुजी गडबड करायचे न्हाईत."

रविवारी चढाच्या दोन्ही बाजूंना शे-दीडशे माणसं जमली. गाडीत माझ्या शेजारी जावई, मागे चहावाला आणि भरभक्कम देहाचे दोन शेजारी, वजन म्हणून. मिस्त्री वर कडुलिंबाखाली उभे राहिले. स्क्रू ड्रायव्हर नव्हता. हात मागे बांधलेले, डोळे मिटलेले.

पहिली फेरी कंपनीच्या डब्यावर. गाडी कण्हली, थरथरली, मागच्या दोघांचे गाल हलत होते, पण ती न थांबता लिंबापर्यंत गेली. मिस्त्रींनी खुद्द येऊन डबा उतरवला आणि जावयाने छत्री चढवली.

दुसरी फेरी. आवाज असा भारी की माणसांनी पहिल्याच दहा हातांवर टाळ्या सुरू केल्या. मी मात्र आत बसून ऐकत होतो, आणि मला पायाखाली ती बसत चाललेली कळत होती. अर्ध्या चढावर विजेचा एक खांब आहे. त्याच्या आसपास ती आचके देऊ लागली. आणखी चार हातांत बंद पडणार. मी बाजूला पाहिलं. जावई समोर पाहत होता, दोन्ही हात मांडीवर घट्ट. त्याने मला क्लच दाबायला सांगितलं नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. मग माझा डावा पाय हलला आणि क्लच अर्धा खाली गेला.

इंजिन सुटलं. फेरे वाढले, गर्जना झाली, आणि गाडी घसरत्या क्लचवर लिंबापर्यंत आली. टाळ्या, शिट्ट्या. मागून चहावाला म्हणाला, "गुरुजी, काईतरी जळायलंय का?"

जावई म्हणाला, "नवीन पार्ट आहे. पहिल्यांदा वास येतो."

मिस्त्री खिडकीशी आले. चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब चुकलेल्या माणसासारखे दिसत होते. "गुरुजी, डावा पाय कुठं होता?"

"खाली," मी म्हणालो.

हे उत्तर मी बारा-तेरा वर्षं जपून ठेवलं. ऐकणाऱ्याला वाटावं गाडीच्या तळाशी, पण खोटं तर नव्हतं. पाय खालीच होता, क्लचही खालीच होता. असल्या शब्दावर मी वर्गात एखाद्या मुलाला बाकावर उभं केलं असतं.

"मंग बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले, आणि गर्दीकडे वळून मोठ्याने, "गाडी चढली. आपण हारलो."

आणि त्यांनी शब्द पाळला. असा पाळला की गाव बेजार झालं. कोणी हवेचं, फिल्टरचं, पिकअपचं काही विचारलं की म्हणत, "तो विषय बंद हाय. दुसरं इचारा." एकाच्या जीपमध्ये चिमणीने घरटं केलं होतं, थेट हवेच्या तोंडात. जीप चालेना. मिस्त्रींना ते दिसत होतं, पण विषय बंद. त्यांनी मालकाला खुर्ची दिली, बोनेट उघडं ठेवलं आणि स्वतः समोर बसून चिमणीकडे बघत राहिले. तासाभराने मालकाची नजर तिकडे गेली, तेव्हा मिस्त्रींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं फार दिवस राहिलं नाही.

मला नंतर वहिनींकडून कळलं ते असं. मिस्त्रींना त्या दिवशी क्लच ऐकू आला होता. डोळे मिटून त्यांनी तो स्पष्ट ऐकला होता. पण गुरुजी म्हणाले पाय खाली होता, आणि गुरुजी गडबड करत नाहीत. मग चुकलं काय? कान. एवढा साधा हिशेब. मिस्त्री परभणीला कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." मिस्त्री घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर नवीन हाय." दुसऱ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. तेव्हा ते नांदेडहून कुठूनसं ऐकायचं मशीन घेऊन आले आणि त्या धडधाकट कानात घालून बसू लागले.

मशीनमुळे सगळंच मोठं ऐकू येई. चहावाल्याची बशी, बकरी, भोंगा, इंजिन, सगळं एकाच मापात. "बरं हाय," मला म्हणाले, "आता आपलं डोकं लावावं लागत न्हाई." स्क्रू ड्रायव्हर खिळ्याला टांगला गेला. गाडी आली तर म्हणत, "आवाजाचं मला कळंना झालंय, नांदेडला दावा." हळूहळू त्यांच्याकडे फक्त पंक्चरची कामं उरली. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे जिथे येतील तिथे भोक. "ह्याला ऐकावं लागत न्हाई गुरुजी, दिसतं."

हे ते मला सांगत, आणि मी चहा पीत असे.

दरम्यान माझी क्लच प्लेट जळालीच होती. ती मी नांदेडला जाऊन बदलून आणली, मिस्त्रींच्या नजरेस पडू नये म्हणून. कंपनीचा डबाही पुन्हा बसवला आणि जावयाला सांगितलं की छत्रीत पावसाचं पाणी जातं. जावयाचं दुकान दीड वर्षात बंद झालं. त्यात मिस्त्रींचा काही हात नव्हता. शेजारी दुसरं मोठं दुकान आलं एवढंच. आता तो थंड पाण्याचे जार पुरवतो आणि धंदा उत्तम चालला आहे. म्हणजे ज्याच्यासाठी मी पाय खाली केला, त्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

यंदा माझे कान खरोखरच गेले. मशीन बसवलं. बातमी कळताच मिस्त्री घरी आले, हातात एक छोटा ब्रश आणि सेलची पाकिटं. समोर बसून त्यांनी मला सगळं शिकवलं. कसं पुसायचं, आंघोळीला कसं काढून ठेवायचं, लग्नकार्यात कसं कमी करायचं. "पयले पयले डोकं दुखंल. मी हाय, फिकीर करू नका. दहा-बारा वर्सं झाली मला, सगळे खटके माईत हाईत." शिकवताना त्यांनी स्वतःचं मशीन काढून टीपॉयवर ठेवलं होतं. वर पंखा फिरत होता. बोलता बोलता त्यांनी मान वाकडी केली, छताकडे पाहिलं, म्हणाले, "गुरुजी, पंख्याचं बेअरिंग…" आणि थांबले. "जाऊ द्या. माझ्या कानावर जाऊ नका."

तेव्हा मी सांगितलं. खांब, क्लच, 'खाली', सगळं.

मिस्त्रींनी टीपॉयवरचं मशीन उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. मला वाटलं उठून जातील, किंवा मारतील. दोन्ही चाललं असतं. मग त्यांनी विचारलं, "कुठं दाबला?"

"खांबापाशी."

"खांबापाशी न्हाई. खांबाच्या आलीकडं, दोन हात."

"असेल."

"आसंल न्हाई. हाय." ते उठून उभे राहिले. पुन्हा बसले. "म्हंजी मला ऐकू आलं ते खरं होतं?"

"खरं होतं."

मग त्यांनी जे सुरू केलं त्याची मला कल्पना नव्हती. बोटांवर मोजत ते एकेक आठवू लागले. बारा वर्षांत त्यांना जे जे ऐकू आलं आणि जे त्यांनी कानाचा दोष म्हणून सोडून दिलं, ते सगळं. "मंग त्या झरीच्या ट्रॅक्टरचा पिस्टन खरंच वाजत होता. शाळंच्या बसचा गिअरबॉक्सबी. बँकेतल्या साहेबाच्या गाडीत चाकाचं ढिलं होतं, मी बोललो न्हाई, वाटलं माझंच डोकं फिरलंय." मध्येच थांबून ते हसले. "आन घरात भांडी घासताना बायको मला जे म्हनायची, तेबी मंग खरंच म्हनायची!" पुन्हा गंभीर झाले. "पालमच्या त्या मेंढरंवाल्याच्या पिकअप गाडीचं मोठं बेअरिंग. ते तर मला रस्त्यावरूनच ऐकू आलं होतं. त्यानं दोनदा इचारलं, मिस्त्री, लांब नेऊ का? मी म्हनलो, मला कळत न्हाई, ने."

"मग?"

"बाजाराला मेंढरं घेऊन निघाला. मधीच इंजिन जाम झालं. उन्हात वीस मैल मेंढरं हाकत परत आला. तीन दगावली." ते माझ्याकडे पाहू लागले. "माफी-बिफी ऱ्हाऊ द्या, गुरुजी. उद्या पालमला चला. त्याला तुमी सांगा. तुमच्या तोंडानं."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने पालमला गेलो. वाटभर मिस्त्री एसटीचं इंजिन ऐकत होते. मी मनात वाक्य घोळवत होतो. गाडी चढली नव्हती, मी क्लच दाबला होता, म्हणून यांनी कानांवर विश्वास ठेवणं सोडलं, म्हणून तुझं नुकसान झालं. चार तुकडे, सरळ क्रमाने.

माणूस घरीच होता. चाळिशीचा, डोक्याला मुंडासं, अंगणात कोकरांना पाला घालत होता. मिस्त्रींना पाहून उठला, मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि त्याने पाला टाकून सरळ माझे पाय धरले.

"गुरुजी! वळखलं न्हाई? नववी ब. शेवटचा बाक." त्याने आतल्या बाईला हाक मारली. "अगं, भाईर ये, माझे गुरुजी आलेत!" बाई, दोन मुली, म्हातारी आई, सगळे बाहेर आले. बाज टाकली, पाणी आलं. तो मुलींना सांगू लागला, "ह्यांनी मला दिवसभर उभं केलं होतं. माईत हाय कामून? प्रयोगवहीत शेजाऱ्याचं निरीक्षण उतरवलं म्हून. म्हनले, जे डोळ्यांनी दिसलं न्हाई ते लिवू नको, जे दिसलं ते लपवू नको. तवापासून आपण आयुष्यात," त्याने कानाच्या पाळीला हात लावला, "लबाडी केली न्हाई."

मुली माझ्याकडे बघत होत्या.

मिस्त्री खाकरले. "तुझ्या त्या पिकअप गाडीचं सांगायला आलोय. त्याचं मोठं बेअरिंग गेलेलं होतं. मला तवाच माईत होतं."

तो मुलींकडून मिस्त्रींकडे वळला. "मिस्त्री, मंग तवाच कामून बोललं न्हाईत? मी दोनदा इचारलं होतं. तीन मेंढरं गेली माझी."

मी उठलो. "अरे, ते असं झालं, त्या वर्षी चढावर मी…"

"माझे कान खराब झाले होते," मिस्त्री माझ्या बोलण्यावरून मोठ्याने म्हणाले. "तवा. लय खराब झाले होते. ऐकू यायचं, पण भरवसा यायचा न्हाई. चूक माझी हाय. तेच सांगायला आलोय."

"आन आता?"

"आता बरे हाईत. गुरुजींनी औषद सांगितलं." त्यांनी माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं. धरणं चांगलंच घट्ट होतं.

त्या माणसाने खाली पडलेला पाला उचलून कोकरांपुढे टाकला. मग म्हणाला, "झालं ते झालं. चा घ्या." पण त्याच्या नजरेतून मिस्त्री उतरले होते, हे मला दिसलं, आणि मिस्त्रींनाही दिसलं असणार.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "मला का बोलू दिलं नाहीत? त्यासाठीच तर आणलं होतं."

"त्या पोरींच्या म्होरं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "वीस मैल मेंढरं हाकली त्यानं, पण तुमच्यावर भरवसा ठिवून जगला तो. माझ्यावर न्हाई."

घरी आलो आणि हे लिहायला घेतलं. त्या रविवारी जे चढावर टाळ्या वाजवत होते त्यांच्यासाठी, आणि पालमच्या त्या घरातल्या मुली कधी वाचतील म्हणून त्यांच्यासाठीही. गाडी चढली नव्हती. मी खांबाच्या अलीकडे, दोन हातांवर, क्लच दाबला होता. मिस्त्रींचे कान एक दिवसही खराब नव्हते.